कासवांची सत्ती : गंजिफा, चितारी आणि ‘प्रेरणा’ हा शब्द

‘लोककलेतून प्रेरणा घेऊन’ ही शब्दरचना हल्ली फार स्वस्त झाली आहे. चित्रप्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत ती असते, साड्यांच्या जाहिरातीत असते, लग्नाच्या आमंत्रणाच्या मागच्या बाजूलाही असते. गेल्या काही वर्षांत सावंतवाडीच्या गंजिफातून ‘प्रेरणा’ घेतलेल्या बऱ्याच वस्तू मी पाहिल्या: उशांचे अभ्रे, दिनदर्शिका, चहाच्या कपाखाली ठेवायच्या गोल चकत्या. प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारते, नेमके काय घेतले? उत्तरही बहुतेक वेळा एकच मिळते. वर्तुळ घेतले, काठाची वेलबुट्टी घेतली आणि मधला राजा घेतला. म्हणजे मत्स्य, कूर्म, वराह यांची ती नटूनथटून बसलेली चित्रे.

घेण्यासारखे जे होते ते राजाच्या पानात फारसे नव्हतेच, ते आकड्यांच्या पानांत होते, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणारी मी कोणी कलासमीक्षक नाही. पदवी वाणिज्य शाखेची, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, आणि चित्रकलेबद्दल जे काही कळते ते वाचून, पाहून आणि चितारआळीत कारागिरांच्या शेजारी बसून. पण हिशेबाच्या माणसाला एक खोड असते. समोर काही ठेवले की तो आधी मोजतो. गंजिफाच्या बाबतीत ही खोड कामाला आली.

दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आकड्यांची. राजे दहा, प्रधान दहा, उरलेली शंभर पाने आकड्यांची. आकड्याच्या पानावर अंक लिहिलेला नसतो. अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली असते. मत्स्याच्या रंगात मासा, कूर्माच्या रंगात कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. (काही खुणा ठिकाणानुसार बदलतात, रामाच्या रंगात कुठे बाण दिसतो तर कुठे वानर.) आता एक ते दहाची बेरीज पंचावन्न. म्हणजे एका संचासाठी चिताऱ्याला ५५ कासवे काढावी लागतात, ५५ मासे, ५५ कमंडलू. सगळ्या रंगांच्या मिळून ५५० खुणा, आणि राजे मात्र दहाच.

कारागिराचा हात कुठे घडला असेल, हे या आकड्यांवरूनच कळावे.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो इतरत्र सहज सापडतो. खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारी खेळल्या जाणाऱ्या बारा रंगांच्या संचाचे वर्णन केले. पुढे आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजिफा रूढ झाला आणि त्याच्या शेजारी दहा अवतारांचा हा देशी खेळ उभा राहिला. बंगालमध्ये बिष्णुपूर, ओडिशात रघुराजपूर, आपल्याकडे सावंतवाडी ही त्याची ठिकाणे. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर स्वतःचेच खेळ रचले, त्यांतला मोठ्यात मोठा ३६० पानांचा. तीनशे साठ पाने हातात कशी धरत असतील ते राजेच जाणोत.

गंजिफाचे दोन घाट सांगितले जातात, दरबारी आणि बाजारी. दरबारी संच हस्तिदंताचे, कासवाच्या पाठीचे, सोनेरी कामाचे. बाजारी संच कापडाच्या नाहीतर कागदाच्या थरांचे. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे, वरून लाख. संग्रहालये आणि कलाविषयक पुस्तके स्वाभाविकपणे दरबारी संचांकडे झुकतात. माझा ओढा उलट्या बाजूला आहे आणि तो केवळ गरिबांविषयीच्या कळवळ्यातून आलेला नाही. बाजारी संचाचा चितारी वेगाने काम करतो. एक कासव काढायला तो फार वेळ देऊ शकत नाही. त्यामुळे त्याला कासवाचे सार शोधावे लागते: पाठीचा एक फटकारा, चार पायांचे चार ठिपके, मानेची एक ओढ. हेच कासव पंचावन्नदा काढताना ते हळूहळू बदलत जाते. आमच्या घरच्या संचात काही कासवे भुंग्यासारखी झाली आहेत आणि काही चक्क फणसाच्या आठळीसारखी.

असल्या आकृतींना आपण ‘गमतीशीर’ म्हणतो, ‘तऱ्हेवाईक’ म्हणतो. शहरातून आलेली मंडळी याच तऱ्हेवाईकपणावर भाळतात आणि तो उचलतात. पण ही तऱ्हा कुणाच्या लहरीतून आलेली नाही. घाई, जागेची अडचण, आणि खेळणाऱ्याला पान क्षणात ओळखू आले पाहिजे ही सक्ती, अशा तीन बाजूंनी दाबल्यावर कासवाला जो आकार उरला तो हा आहे. दाब काढून घेऊन नुसता आकार नेला की त्याचे नक्षीकाम होते.

तिसऱ्या सक्तीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे. हा खेळ सहसा तिघांचा, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. हुकूम नसतो. उतारीला आलेल्या रंगातले वरचढ पान हात जिंकते, म्हणून कोणती पाने पडून गेली आणि कोणती अजून बाहेर आहेत हे लक्षात ठेवण्यावर सगळी मदार. त्यात आणखी एक वळण असे की अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत राजा-प्रधानांनंतर एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत हलकी. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. माझ्या लहानपणी शेजारी एक आजोबा होते, ते तरुणपणी गंजिफा खेळलेले. राजा कोणालाही ओळखता येतो, खेळ जातो तो सत्ती-अठ्ठीत गोंधळल्यामुळे, असे ते मालवणीत ठसक्याने सांगत.

आता हे चिताऱ्याच्या बाजूने पाहा. सत्ती आणि अठ्ठी यांत एका कासवाचाच फरक. पान गोल, कोपरा नाही, त्यामुळे इंग्रजी पत्त्यांसारखा कोपऱ्यात अंक टाकायची सोय नाही. खेळणारा कासवे मोजत बसणार नाही, त्याला मांडणीवरूनच आकडा कळला पाहिजे. म्हणजे प्रत्येक आकड्याची मांडणी शेजारच्या आकड्यापेक्षा ठळकपणे वेगळी हवी आणि ती वर्तुळात बसायला हवी. हा खरोखर अवघड प्रश्न आहे. राजाच्या पानावर चिताऱ्याला परंपरेने ठरलेले चित्र काढायचे असते. आकड्याच्या पानावर त्याला दर वेळी कोडे सोडवायचे असते.

आमच्या घरी आलेला संच अपुरा आहे, १२० पैकी ९३ पाने. त्यातली कासवांची सत्ती मी कितीदा पाहिली असेल याची गणती नाही. छक्कीपर्यंत चिताऱ्याचे बरे चालले आहे: सहा कासवे गोलाकार, सगळ्यांची तोंडे मध्याकडे, जणू पाणवठ्यावर जमली आहेत. सत्तीला सातवे कासव येते आणि त्याला जागा उरते ती मधोमध. पण मधल्या कासवाने तोंड कुठे करायचे? बाकीच्या सहांना केंद्र आहे, हा स्वतःच केंद्रावर बसलेला. माशांच्या सत्तीत चिताऱ्याने मधला मासा आडवा टाकून सुटका करून घेतली आहे. कासवाच्या सत्तीत मात्र त्याने मान एका बाजूला वळवली, इतकी की ते कासव पानाबाहेर, पान धरणाऱ्या अंगठ्याकडे पाहते आहे असे वाटते. अठ्ठीला त्याने मांडणीच मोडली, चार-चारच्या दोन ओळी केल्या. दश्शीला तीन-चार-तीन. म्हणजे अख्ख्या रंगात मान वळवलेले कासव एकच, सत्तीतले. ती सत्तीची ओळख झाली. खेळणाऱ्याला मोजायला नको, वळलेली मान दिसली की सत्ती.

माझ्या लेखी हे सर्जन आहे. ज्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही अशा माणसाने उदरनिर्वाहासाठी काम करता करता केलेले.

मुंबईत चित्रकलेवर लिहिणारे रुडॉल्फ फॉन लायडन यांचे नाव आपल्याकडे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रूपच्या संदर्भात घेतले जाते. १९०८ सालचा जन्म, १९३३ मध्ये भारतात आलेले हे जर्मन गृहस्थ. आरा, हुसेन, रझा यांच्या पाठीशी जे मोजके लोक सुरुवातीपासून उभे राहिले त्यांतले एक. हाच माणूस पुढे गंजिफाचा संग्राहक आणि जाणकार झाला. म्हैसूरच्या खेळांवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या गंजिफा प्रदर्शनाचा ग्रंथही त्यांचाच. आधुनिक चित्रकलेच्या पुरस्कर्त्याने जुन्या पत्त्यांत इतका जीव का घालावा, याचे अनेकांना नवल वाटते. मला ते उलट अगदी सुसंगत वाटते. कमी रेषांत आकृती उभी करणे, सपाट रंग, मर्यादित जागेतली मांडणी हे प्रश्न दोन्हीकडे आहेत. शिवाय त्यांनी पानांबरोबर खेळांचे नियमही नोंदवले. नियम कळल्याशिवाय चित्र कळत नाही हे ज्याला उमगले त्याचेच हे काम.

आपल्याकडे गंजिफाचे पुनरुज्जीवन झाले त्याचे श्रेय सावंतवाडीच्या राजघराण्याकडे जाते. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी, कला जवळजवळ संपत आलेली असताना, पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. ते झाले नसते तर आज मी हा लेख जुन्या पानांवरच लिहीत बसले असते. पण वाचले ते पान. खेळ वाचला नाही, आणि तो दोष राजवाड्याचा नव्हे. छापील बावन्न पाने स्वस्त होती, हातात पंख्यासारखी धरता येत होती, मळली तर टाकून देता येत होती. खेळ गेला तेव्हा सत्ती-अठ्ठी वेगळी दिसण्याची सक्ती गेली. आता गिऱ्हाईक येते ते भिंतीवर लावायला काहीतरी हवे म्हणून. ते दहा राजांची चौकट घेते आणि त्यात त्याची चूक नाही. पूर्ण संच महाग पडतो, आणि शंभर आकड्यांची पाने घेऊन तो करणार काय? पण याचा परिणाम असा की जिथे हात घडतो आणि डोके चालते तेच काम मागणीबाहेर गेले. एका संग्रहालयात मी संच पाहायला गेले होते. काचेमागे दहा राजे मांडलेले. बाकीची पाने कुठे, असे विचारल्यावर ती पेटीत आहेत, त्यांत पाहण्यासारखे काही नाही, असे उत्तर मिळाले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उपयोगाच्या दाव्याला बांधून ठेवले तरच कला जिवंत, असे म्हटले तर वारली चित्रांचे काय? लग्नघरी सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक, त्यात पालघाट, शेजारी धवलेरीचे गाणे. त्या विधीतून चित्र सुटले, कागदावर आले, आणि डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून जे घडले ते विधीत राहून घडलेच नसते. २०११ साली पद्मश्री मिळालेल्या या माणसाची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे पाहावीत. कागदभर जाळ्याची वीण, हजारो बारीक रेघा, आणि त्यात कुठेतरी एक चिमुकला माणूस. आक्षेप मला मान्य आहे. उपयोग सुटला म्हणजे कला मेली असे होत नाही.

पण म्हसे यांनी सोबत काय नेले, तेही पाहा. दोन त्रिकोणांचा माणूस नेला, तो तर सगळेच नेतात, रिक्षाच्या पडद्यावरही तो नाचताना दिसतो. त्यांनी नेली ती पुन्हा पुन्हा काढण्याची शिस्त. एकच खूण शेकडो वेळा, आणि दर वेळी शेजारच्या खुणेचे भान ठेवून. जाळ्याचे चित्र हे त्या शिस्तीचेच फळ आहे. आणि याच स्थित्यंतरात चित्र बायकांच्या हातातून बरेचसे पुरुषांच्या हातात गेले, गाणे मागे राहिले, हेही जमाखर्चात लिहायला हवे. मी दोन्ही बाजू मांडते, कारण एका बाजूने पाहिले की हिशेब जुळत नाही.

के. जी. सुब्रमण्यन यांनी हे फार आधी ओळखले होते. १९५९ ते १९६१ ते मुंबईत हातमाग मंडळात होते, पुढे बडोद्याच्या कलामेळ्यांसाठी त्यांनी लाकूड, चामडे, मणी यांची खेळणी केली. पण १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालयासाठी त्यांनी केलेले भाजल्या मातीचे भित्तिचित्र पाहिले की कारागिरांकडून त्यांनी काय उचलले ते दिसते. टागोरांच्या नाटकावरचे ते प्रचंड काम लहान लहान तुकड्यांच्या जोडणीतून उभे आहे. कोणत्याही एका कुंभाराची नक्षी त्यात उचललेली नाही. उचलली आहे ती रीत: थोड्या खुणा, त्यांची फिरवाफिरव, आणि साहित्याच्या अडचणीलाच कामाला लावणे.

सावंतवाडीहून कुडाळकडे निघाले की वाटेत पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीतही हेच तत्त्व दुसऱ्या अंगाने दिसते. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गात एकेक चित्र पुढे करायचे. जुन्या पोथ्यांतली चित्रे नुसती पाहिली तर एकसुरी वाटतात: एका बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे, समोरासमोर उभे दोन वीर आणि मधे मोकळी जागा. ती जागा गाणाऱ्याची आहे. तो गाऊ लागला की युद्ध तिथे होते. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे चित्रे पाहण्याबरोबर चित्रकथी ऐकताही येते, हा फरक लहान नाही. चित्रकथीची आकृती छापलेली ओढणी मी पाहिली आहे. तिच्यात वीर होते. मधली मोकळी जागा मात्र फुलांनी भरून टाकलेली.

तर नव्या चित्रकाराने, लेखकाने, कुणीही, कारागिराकडे जावे कशासाठी? मी असे सुचवीन की पहिल्या दिवशी काही उचलू नये, एकच खूण पंचावन्नदा काढून पाहावी. विसाव्या कासवापाशी कंटाळा येतो. तिसाव्यापाशी हात आपोआप काहीतरी गाळायला लागतो, आणि मग जे उरते ते आपले असते. मी चित्रकार नाही, तरी वहीच्या मागच्या पानांवर हे करून पाहिले आहे. माझी कासवे शेवटी टोपल्यांसारखी दिसू लागली.

दोन वर्षांपूर्वी मी चितारआळीत एका तरुण कारागिराकडे माझ्या संचातली हरवलेली २७ पाने करून मागितली. त्यांत राजे दोन, प्रधान तीन, बाकी २२ आकड्यांची. राजांचे त्याने लगेच ठरवले. आकड्यांच्या पानांना मात्र तो चार महिने टाळत होता. ती कुणी मागत नाही, त्यामुळे हात बसलेला नाही, असे त्याचे म्हणणे. शेवटी जुनी पाने समोर ठेवून तो बसला. वामनाची नव्वी त्याने तीनदा केली, कारण नऊ कमंडलूंच्या तोट्या एकमेकींत अडकत होत्या. तिसऱ्या वेळी त्याने तोट्या सगळ्या एकाच दिशेला फिरवल्या, भोवऱ्यासारख्या. जुन्या संचात अशी मांडणी कुठेच नाही. पैसे घेताना तो म्हणाला की राजाच्या पानाइतकीच मजुरी नव्वीला लावतो, चालेल ना ताई? मी म्हटले, जास्त लाव.

संच आता पूर्ण आहे. दुपारच्या वेळी तो आणि मी नियम घोकत बसतो, दिवसा रामाची उतारी. तिसरा गडी अजून मिळालेला नाही.